मोजणाऱ्याचें मोल

ज्या कामांत चूक झाली म्हणजेच तें काम कोणी तरी करीत होतें याची लोकांस आठवण होते, अशीं कामें जगांत पुष्कळ आहेत. आमच्या फैजपूर-सावदा भागांत केळीच्या व्यवहारांत काट्यापाशीं उभा राहणारा मापाडी हें त्यांचें चांगलें उदाहरण होय. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा, आणि त्या मालाची गोडी कोठें तरी दिल्लीच्या बाजारांतील गिऱ्हाइकाची. मापाड्याचें त्यांत कांहींच नाहीं. काटा स्थिर होईपर्यंत थांबावें आणि जो आंकडा दिसेल तोच मोठ्यानें सांगावा, एवढेंच त्याचें काम. तो आंकडा शेतकऱ्यास कमी वाटतो, व्यापाऱ्यास जास्त वाटतो; परंतु दोघेही हिशेब करतात तो त्यावरच. वर्षभर माप बरोबर केल्याबद्दल कोणीं मापाड्याच्या गळ्यांत हार घातल्याचें आम्हीं पाहिलेलें नाहीं. एक दिवस माप चुकलें तर मात्र त्याचें नांव साऱ्या गांवास ठाऊक होतें.

या मापाड्याची आठवण आम्हांस एका अगदीं निराळ्या ठिकाणीं झाली. १९९८ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत आमचे चुलते मुंबईंतील एका मोठ्या रुग्णालयांत होते. तरुणपणापासून तंबाखू आणि चुना यांची चिमूट गालांत धरण्याची त्यांस संवय. त्याच गालाच्या आंतल्या बाजूस कर्करोग झाला होता. आम्ही त्यांच्या उशाशीं बसलों असतां, हातांत छापील कागदांचा गठ्ठा आणि पेन्सिल घेतलेल्या एक बाई खाटेजवळ आल्या. त्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. मुंबईंतील कर्करोगाच्या रुग्णांची नोंद करण्याचें आपलें काम आहे, असें त्यांनीं सांगितलें आणि म्हणाल्या, “काका, थोडें विचारूं का? दुखत असेल तर मागाहून येतें.”

“विचारा, ताई,” काका म्हणाले, “सकाळपासून सारे विचारूच राहिले.”

रुग्णालयाच्या कागदावर काकांचें वय ६५ असें लिहिलेलें होतें. बाईंनीं तें वाचून दाखविलें आणि बरोबर आहे ना, म्हणून विचारलें. काका म्हणाले, “तें मला काय ठाऊक? मी काँग्रेसच्या सालचा.” बाईंची पेन्सिल थांबली. कोणती काँग्रेस, असें त्यांनीं विचारतांच आमचे काका उशीवरून अर्धे उठले. फैजपूरचा माणूस कोणत्या काँग्रेसविषयीं बोलणार! पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रसभेचें पन्नासावें अधिवेशन फैजपुरास १९३६ च्या डिसेंबरांत भरलें, आणि खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. आमच्याकडील जुन्या माणसांचीं लग्नें, जन्म, विहिरी आणि भाऊबंदकीचे तंटे यांची कालगणना कित्येक वर्षें त्या अधिवेशनावरूनच होत असे. बाईंनीं शांतपणें विचारलें, “म्हणजे डिसेंबर १९३६. तुमचा जन्म त्याच्या आधींचा कीं नंतरचा?” काका म्हणाले, “आधींचा. त्याच पावसाळ्यांतला.” बाईंनीं ६५ हा आंकडा खोडला आणि ६१ असा लिहिला.

मग पत्त्याचा प्रश्न निघाला. रुग्णालयाची पत्रें हातीं पडावींत म्हणून आमच्या चुलतभावानें परळच्या आपल्या खोलीचा पत्ता दिला होता. “हे येथें किती दिवसांपासून राहतात?” असें बाईंनीं विचारलें. भाऊ गप्प राहिला. बाहेरगांवचा माणूस म्हणून उपचारांत कांहीं उणें पडेल, अशी त्याच्या मनांत धास्ती. काकांनींच सांगून टाकलें, “दोन महिने झाले, ताई. घर माझं फैजपूरला.”

बाईंनीं तो कागद बाजूस काढला आणि त्यावर आडवी रेघ मारली. “भिऊं नका,” त्या भावास म्हणाल्या, “उपचाराशीं याचा कांहीं संबंध नाहीं. रुग्णालयाच्या दप्तरीं यांचें नांव आहे तें तसेंच राहील. आमची वही मात्र मुंबईंत निदान एक वर्ष राहिलेल्या माणसांची. तींत यांना घेतां यावयाचें नाहीं.”

आम्हांस राग आला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आजारी माणसास पाव तास प्रश्न विचारावयाचे आणि शेवटीं रेघ मारावयाची! “मग एवढ्या चौकशीनें तुम्हांस मिळालें काय?” असें आम्हीं कांहींशा तुसडेपणानेंच विचारलें.

“एक चुकीचें नांव टळलें,” बाई म्हणाल्या.

काका त्या रेघेकडे पाहत होते. “मग आमच्या फैजपूरच्या वहीत लिहा,” असें ते म्हणाले. बाईंनीं पेन्सिल खालीं ठेविली. त्या काळीं आमच्या जिल्ह्याची अशी वही नव्हती, आणि तें त्यांनीं न आडपडदा ठेवतां सांगितलें. “म्हणजे मोजदादीत आपण नाहीच,” एवढें बोलून काकांनीं डोळे मिटले. त्याच वर्षीं दिवाळीच्या आधीं ते गेले.

त्या रेघेचा अर्थ आम्हांस पुढें हळूहळू कळत गेला. एखाद्या शहरांत कर्करोगाचे दहा हजार रुग्ण आढळले, एवढ्यावरून त्या शहराविषयीं कांहींच समजत नाहीं. ते किती लोकवस्तीमागें आढळले, हा खरा प्रश्न. भागाकाराच्या वरच्या अंकांत माणूस घ्यावयाचा तर तो खालच्या अंकांतलाही असला पाहिजे. खानदेशांतून, वऱ्हाडांतून, कोंकणांतून, उत्तर हिंदुस्थानांतून रुग्ण उपचारासाठीं मुंबईस जातात. ते सारे मुंबईच्या खातीं मांडले तर मुंबई रोगानें भरलेली दिसेल आणि आमचीं खेडीं निरोगी दिसतील. खेडीं निरोगी दिसलीं म्हणजे तेथें तपासणीची सोय कशाला, असें कोणीही म्हणूं शकेल. काकांच्या नांवावरची रेघ ही काकांची उपेक्षा नव्हती; उलट, फैजपूरचें दुःख मुंबईच्या नांवावर खर्ची पडूं नये, यासाठीं तिचा उपयोग होता. ज्या वहींत तें दुःख जमा व्हावयाचें ती वहीच नव्हती, हा दोष रेघ मारणारीचा नव्हे.

या विद्येचा इतिहासही मोठा बोधप्रद आहे. जर्मनींतील हँबुर्ग शहरांत १९२६ साली कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवण्यास आरंभ झाला, तो तीन परिचारिकांच्या पायपिटीवर. त्या ठराविक मुदतीनें रुग्णालयांत आणि डॉक्टरांकडे जाऊन माहिती गोळा करीत. डेन्मार्क देशानें १९४२ पासून साऱ्या राष्ट्राची नोंदणी चालविली. आपल्याकडे १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानें तिनें १९६३ साली मुंबईची नोंदणी सुरू केली. वस्तीच्या आधारावर चालणारी हिंदुस्थानांतील ही पहिली नोंदणी. १९८१ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला आणि १९८२ च्या आरंभापासून मुंबई, बंगलोर व मद्रास या शहरांची नोंद त्याखालीं होऊं लागली. परंतु हीं सारीं शहरें. खेड्याची पहिली वही उघडली ती १९८७ साली, सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीस. आणि बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गांवें तिच्या कक्षेंत आलीं.

पश्चिमेकडील कित्येक देशांत रुग्णाची खबर नोंदणी-कचेरीकडे आपोआप येते. आपल्याकडे नोंदणीकारासच खबरेकडे चालत जावें लागतें. तो रुग्णालयाचीं दप्तरें पाहतो, प्रयोगशाळेंतील चांचण्यांचे निकाल चाळतो, किरणोपचाराच्या खात्यांत जातो आणि जन्ममृत्यूच्या कचेरींत मृत्यूचे दाखलेही वाचतो. पुष्कळ ठिकाणीं त्याच्यासाठीं खुर्ची नसते. दप्तर सांभाळणारा कारकून त्यास ‘उद्यां या’ म्हणून सांगतो. उद्यां पुन्हां जाणें हाच त्याच्या विद्येचा पहिला धडा.

दुसरा धडा नांवांचा. हा तर आमच्या भागांतील माणसास कोणीं शिकवावयास नको. आमच्याकडे एकच गृहस्थ एका कागदावर ‘पाटील’ असतो, दुसऱ्यावर ‘चौधरी’ असतो, आणि तिसऱ्यावर आपलें व बापाचें नांव सांगून मोकळा होतो. स्त्रियांचें तर विचारूंच नका. माहेरचें नांव एकीकडे, सासरचें दुसरीकडे. हा एक रुग्ण जळगांव, नाशिक व मुंबई असा फिरला कीं तीन कागद होतात. नोंदणीकार नीट पाहणारा नसेल तर एका माणसाचे तीन रुग्ण होतील. फार उतावळा असेल तर तीन निरनिराळ्या पाटलांचा एक रुग्ण होईल. दोन्ही चुका सारख्याच वाईट.

तिसरा धडा रोगाच्या जागेचा. ‘तोंडाचा कॅन्सर’ एवढें लिहून आपलें समाधान होतें. नोंदणीकाराचें होत नाहीं. ओठ, जीभ, हिरडी, जिभेखालची जागा, टाळू, गालाची आंतली बाजू, या प्रत्येकीस आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांत निराळा अंक आहे. यकृतांत गांठ आहे, पण ती तेथेंच उपजली कीं दुसरीकडून येऊन वसली? हें ठरल्यावांचून यकृताच्या खातीं नांव मांडणें म्हणजे पाहुण्यास घरमालक ठरविणें होय.

आतां आमच्या मुख्य विषयाकडे येतों. अशा कामांत माणसाचा हुरूप टिकावा कसा, आणि त्यांत यश म्हणावयाचें तें कशास? डॉक्टरास बरा झालेला रोगी पायां पडतो. शिक्षकास जुना विद्यार्थी रस्त्यांत भेटतो. नोंदणीकाराचे कागद पेटींत जातात, पेटी कचेरींत जाते, आणि दोन-चार वर्षांनीं एक जाड अहवाल निघतो. त्यांत त्यानें वेचलेला माणूस कोणत्या कोष्टकाच्या कोणत्या घरांत बसला, हें त्यासही सांगतां येत नाहीं. अशा माणसास ‘उत्साह धरा, ध्येय उंच ठेवा’ असा उपदेश करणें सोपें आहे, आणि बहुतेक वेळां निरुपयोगीही आहे. उत्साह हा उपदेशानें येत नाहीं. आपण केलेलें काम बरें झालें कीं वाईट, हें ज्यास स्वतः ओळखतां येतें त्याच्या ठायीं तो टिकतो. सुतारास सांधा बसला कीं नाहीं तें बोटानें कळतें. नोंदणीकारास तें कशानें कळावें?

त्याचीही कसोटी आहे, आणि ती मोठी मार्मिक आहे. किती रुग्णांचें निदान सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून पक्कें झालें आणि किती जणांचा पत्ता केवळ मृत्यूच्या दाखल्यावरूनच लागला, हीं प्रमाणें नोंदणीची प्रत सांगतात. दाखल्यावरूनच कळलेलीं नांवें पुष्कळ निघालीं तर समजावें, हीं माणसें जिवंत असतां आपल्या नजरेंतून निसटलीं. हें कोणासही पटेल. परंतु पहिलें प्रमाण जवळजवळ शंभरास पोंचलें तर जाणता नोंदणीकार खूष होत नाहीं. तो चिंतेंत पडतो. कारण गांठीचा तुकडा काढण्याइतकी मजल ज्यांची कधीं गेलीच नाहीं, जे म्हातारे, जे गरीब, जे घरींच पडून राहिले, ते सारे आपल्या वहींतून सुटले असले पाहिजेत, हें तो ओळखतो. अती स्वच्छ दिसणारें पान पाहून ज्याच्या मनांत शंका येते तो या धंद्यांत मुरला, असें आम्ही समजतों. यशाची ही व्याख्या इतर पुष्कळ धंद्यांसही उसनी देण्यासारखी आहे.

हुरूप टिकण्यास दुसरी गोष्ट लागते ती ही, कीं आपल्या आंकड्याचें पुढें काय झालें हें आंकडा वेचणाऱ्यास कोणीं तरी सांगावें. सांगण्यासारखें तर पुष्कळच आहे. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण इतर समाजांहून अधिक आहे, हें मुंबईच्या नोंदींवरून दिसून आलें. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग मुंबईंत दशकागणिक मागें हटत गेला आणि स्तनाचा पुढें सरला, हेंही त्याच वह्यांनीं दाखविलें. बार्शीच्या खेड्यांत मात्र स्त्रियांत पहिला क्रमांक गर्भाशयमुखाच्या रोगाचा होता. तेथील कार्यकर्ते गांवोगांव जात तेव्हां केवळ नांवें लिहून परतत नसत. रोगाचीं पहिलीं लक्षणें काय, कोणाकडे जावें, हें लोकांस जमवून समजावून सांगत. कांहीं वर्षांतच असें दिसलें, कीं त्या भागांतील स्त्रिया पूर्वीपेक्षां लवकर, रोग आटोक्यांत असतां, रुग्णालयांत येऊं लागल्या. हें दिसलें तेंही नोंदीवरूनच.

आणि याहून मोठी गोष्ट पुढें घडली. १९९९ साली त्याच बार्शीच्या रुग्णालयाच्या आधारानें उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत एक मोठा प्रयोग सुरू झाला. तीस ते एकूणसाठ वर्षें वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गांवांचे ५२ गट, आणि चार पद्धति. एका भागांत गर्भाशयमुखाच्या रोगास कारण होणाऱ्या पॅपिलोमा विषाणूची चांचणी एकदांच करण्यांत आली. एका भागांत नेहमींच्या सोयींपलीकडे कांहीं केलें नाहीं. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. चांचणीच्या भागांतील ३४,१२६ स्त्रियांपैकीं या रोगानें ३४ दगावल्या. दुसऱ्या भागांतील ३१,४८८ पैकीं ६४. म्हणजे एका चांचणीनें मृत्यूंचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. जगांतील वैद्यांनीं हा निकाल मान्य केला. परंतु ते ३४ आणि ते ६४ कोणीं मोजले? एखादी स्त्री पुण्यास लेकीकडे जाऊन मरण पावली असेल, एखादीचें नांव दाखल्यावर भलतेंच असेल. गांवच्या रस्त्यानें जाऊन, दारांत उभें राहून, ‘आई केव्हां वारल्या, कशानें वारल्या’ असें विचारणारा कोणी नसता तर तो सारा प्रयोग वाळूवर उभा राहिला असता. ज्या कार्यकर्त्यानें त्यांतील एक मृत्यु शोधून काढला, त्यास त्या निकालांतील आपला वांटा समजला पाहिजे. तो समजावून सांगणें हें वरिष्ठांचें कर्तव्य आहे, आणि एका पगारवाढीइतकें तरी त्याचें मोल आहे. आम्ही पगारवाढीच्या ऐवजीं असें म्हणत नाहीं, हें मात्र ध्यानांत ठेवावें. मुदतीच्या नेमणुकीवर माणसास टांगून ठेवावें आणि वर त्यास ध्येयवादाचे पाठ द्यावे, हा न्याय नव्हे. दहा वर्षें मुरलेला नोंदणीकार निघून गेला म्हणजे त्याच्याबरोबर शंभर दप्तरांच्या खाणाखुणा निघून जातात. त्या कोणत्याही यंत्रांत सांपडत नाहींत.

या कामाचें एक ओझेंही आहे. दिवसभर दुसऱ्याच्या मरणाचे कागद वाचून संध्याकाळीं घरीं जावयाचें आणि घरांत एक अक्षर बोलावयाचें नाहीं. शेजारच्या गल्लींतील ओळखीचें नांव हातीं आलें तरी मुद्रेवर कांहीं दिसूं द्यावयाचें नाहीं. आपल्या पुराणांतील चित्रगुप्त माणसाची वही लिहितो ती तो मेल्यावर हिशेब चुकता करण्यासाठीं. हे आमच्यांतले चित्रगुप्त वही लिहितात ती ज्याचें नांव लिहिलें त्याच्यासाठीं बहुधा उपयोगीं पडत नाहीं. ती त्याच्या मागून येणाऱ्यांसाठीं असते. म्हणून आपल्या दारीं असा कोणी आला तर त्यास आमच्यासारखें तुसडेपणानें बोलूं नये. खरें वय, खरा पत्ता आणि खरा काळ सांगावा, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.

त्या बाई आम्हांस पुन्हां एकदां भेटल्या. सातएक वर्षांनीं, दादरच्या पुलावर. ओळख आम्हींच दिली. काकांचें नांव त्यांस आठवत नव्हतें, आणि आठवत असतें तरी त्या बोलल्या नसत्या, असें आम्हांस वाटतें. पण फैजपूर म्हणतांच त्या हंसल्या. “ते काँग्रेसच्या सालचे ना?” म्हणाल्या, “त्यानंतर जळगांवकडचें कोणी म्हातारें माणूस आलें आणि वय ‘अंदाजें’ लिहिलेलें असलें, कीं मी पहिल्यानें विचारतें, काँग्रेस झाली तेव्हां तुम्ही किती मोठे होतां? पुष्कळांचें वय त्यानें नीट लागतें.”

गाडीची वेळ झाली होती. त्या गर्दींत निघून गेल्या. काकांचें नांव कोणत्याही जिल्ह्याच्या मोजदादींत नाहीं, हें खरेंच आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्याची अशी वही असावी हें आमचें मागणें त्यामुळें मिटत नाहीं. परंतु त्यांनीं सांगितलेल्या एका खुणेवरून मुंबईच्या वहींतील कांहीं म्हाताऱ्यांचीं वयें बरोबर लागलीं, हें घरीं गेल्यावर आम्हीं काकूंस सांगितलें. काकूंनीं तें पुन्हां एकदां सांगावयास लाविलें.